मदत हवी आहे: गोलावर ५० भोकं समान अंतरावर कशी पाडायची?

कंदीलवाला: एका गोलावर ५० भोकं पाडायची आहेत, सगळीकडे सारखी. पृथ्वीगोलावर असतात तशा आडव्या-उभ्या रेघा मारून पाहिल्या, पण वर-खाली गर्दी होते आणि पोटाला विरळ पडतात. परवापर्यंत काम संपवायचंय. पद्धत सांगा, सिद्धता नको.

भूमितीमास्तर: आधी 'सारखी' म्हणजे काय ते सांगा. प्रत्येक बिंदू बाकीच्या प्रत्येकापासून समान अंतरावर हवा असेल, तर गोलावर चारच बसतात. आठ बिंदू म्हटलं की सगळे घनाचे कोपरे घेतात, पण वरचा चौकोन खालच्यावर ४५ अंशांनी फिरवला की बिंदू एकमेकांपासून आणखी लांब ठेवता येतात. ५० ला नेमकं उत्तर मागू नका. १३ बिंदूंचं उत्तर सिद्ध व्हायला २०१२ उजाडलं.

आवळी: गोल केवढा? कशाचा? पूर्ण की अर्धा?

कंदीलवाला: आकाशकंदील आहे हो! फुग्यावर कागदाचे थर चिकटवलेत. व्यास ४० सेंमी. ५० दिव्यांची माळ आत सोडून एकेक दिवा भोकातून बाहेर काढायचा.

मैदानी: जुना फुटबॉल समोर ठेवा. पंचकोन-षटकोनांचे कोपरे मोजा, ६० भरतात. तेच गोलावर उतरवा. शाळेच्या प्रदर्शनात आम्ही असंच केलं होतं.

आवळी: दिवे ५० आहेत. दहा कोपरे कुठले सोडायचे? शिवाय त्या षटकोनांच्या मध्यभागी काहीच नसतं, तिथे काळोख दिसेल.

तात्या_पेण: एवढं गणित कशाला? नजरेने लावा, जिथे जागा दिसेल तिथे.

भूमितीमास्तर: तात्या, दहा-बारा भोकं नजरेने जमतील. ५० ला शेवटची पाच-सहा कुठेतरी कोंबावी लागतात. ताटात चुरमुरे फेकून पाहा, कुठे ढीग तर कुठे टक्कल.

विद्युतभार: भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांनी १९०४ मध्ये हाच प्रश्न इलेक्ट्रॉनांसाठी मांडला. गोलावर ५० सारखे विद्युतभार सोडायचे, ते एकमेकांना ढकलत स्थिरावतील तिथे खुणा करायच्या. संगणकावर छोटा प्रोग्राम लिहा.

कंदीलवाला: आकडे येतील, पण ते कागदावर उतरवू कसे? माझ्याकडे टेप आणि पेन्सिल आहे.

मोजपट्टी: मी असा गोल केलाय, हे करून पाहा. गोलाचे समान उंचीचे काप केले की प्रत्येक कापाच्या सालीचं क्षेत्रफळ सारखं येतं, हे आर्किमिडीजचं. म्हणून प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा ठरावीक उंची खाली घ्यायचं आणि दर वेळी १३७.५ अंश फिरायचं. सूर्यफुलाच्या बिया याच कोनाने बसतात. तुमच्या पोटाचा घेर साधारण १२५.७ सेंमी, म्हणजे टेपवर दर वेळी ४८ सेंमी पुढे. पूर्ण गोल असेल तर उंचीचा टप्पा ४० भागिले ५०, म्हणजे ०.८ सेंमी. वर हात घालायला तोंड ठेवलंय का?

कंदीलवाला: हो, १६ सेंमीचं.

मोजपट्टी: मग हे आधी सांगायला हवं होतं! मध्यापासून वर १७ सेंमीपर्यंतच भोकं घ्या. उंची ३७ उरली, टप्पा ०.७४. पहिलं भोक १७ च्या अर्धा टप्पा खाली, म्हणजे मध्याच्या वर १६.६३ वर. गोल चुंबळीवर बसवा आणि पेन्सिल आडवी धरून टेबलापासून उंची मोजा. शेजारी साधारण नऊ ते अकरा सेंमीवर येतील.

वीजतंत्री: माळेतल्या दोन दिव्यांमधली वायर किती? लागोपाठचे आकडे गोलाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना पडताहेत. १ वरून २ वर वायर पोचणार नाही.

कंदीलवाला: १५ सेंमी.

मोजपट्टी: बरोबर पकडलंत. भोकांना नंबर टाका. पोटाजवळ नंबरात ८ किंवा १३ मिळवले की शेजारी सापडतो: १, ९, १७, २५ असं ओवत खाली जा. तोंडाजवळ ३ किंवा ५.

आज्जीची_नात: खळीत मोरचूद घातलंय का? नाहीतर झुरळं कागद खातील. आमचा कंदील दुसऱ्या वर्षी खालून चाळणी झाला होता. मोरचूद विषारी असतं, मुलांपासून लांब ठेवा.

तात्या_पेण: आमच्या वेळी बांबूच्या कामट्या नि पतंगाचा कागद असायचा. आत एक बल्ब, बास.

विद्युतभार: संगणकाने केलेली मांडणी सूर्यफुलापेक्षा सरस येते, एवढं नोंदवतो.

मोजपट्टी: येते. पण जाड सुईने भोक पाडताना दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. तो फरक खालून बघणाऱ्याला कळत नाही.

कंदीलवाला: रात्री बसून सगळ्या खुणा केल्या. पेन्सिलचे ठिपके आत्ताच तिरक्या रांगांत दिसताहेत, कुठेही गर्दी नाही. ५० वं भोक तळाच्या मध्यावर न येता जवळपास चार सेंमी बाजूला आलं, ते बरंच झालं. मध्यावर झिरमिळ्यांचा दोरा ओवायचा होता. मोजपट्टी, वीजतंत्री, मनापासून आभार. मोरचूद घातलेलं नाही. थर वाळलेत, आता वरून खळीचा हात दिला तर चालेल का?