मदत हवी आहे: १६६४ चा ध्रुवतारा मुलांना कसा दाखवू?

नमस्कार मंडळी, शाळांसाठी इतिहासाची सॉफ्टवेअर्स बनवतो, एकट्याचाच धंदा, आणि नेव्हिगेशनचा नाद आहे त्यामुळे घरी जीपीएस मॉड्यूल, कमाल असली खटपट चालूच असते. कमाल म्हणजे लाकडी फळी आणि गाठी मारलेली दोरी, अरबी खलाशी त्यावरून ध्रुवताऱ्याची उंची मोजायचे. तोच आता मराठा आरमाराच्या धड्यात घालतोय, मुलाने स्क्रीनवर फळीची खालची कड क्षितिजाला, वरची ताऱ्याला लावायची आणि अक्षांश काढून मालवण गाठायचं, साधारण १६ अंश.

घोळ असा की सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं १६६४ ला आणि तेव्हा ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अडीच अंशांच्या आसपास लांब होता, आज पाऊण अंशसुद्धा नाही. आजचं आकाश दाखवलं तर इतिहास चुकतो, तेव्हाचं दाखवलं तर रात्रीच्या वेळेप्रमाणे उत्तर साडेतेरा ते साडेअठरा कुठेही येणार, सातवीतलं पोर वैतागणारच ना!

अयनचलनाचं, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरल्याने ध्रुव ताऱ्यांमधून सरकतो त्याचं, गणित करणारी हलकी लायब्ररी कुणी वापरलीय का? लॅबमध्ये विंडोज ७ ची जुनी मशीन्स, नेट नाही. आणि शिक्षकांनो, ही दुरुस्ती मुलांकडून करून घ्यावी की गुपचूप आतच करू? जाता जाता, लायसन्स शाळेमागे लावता की कॉम्प्युटरमागे?