विषय: नाशिकचा रीसेल फ्लॅट, आतून काय बघायचं?

नमस्कार मंडळी,

आई-बाबांसाठी गंगापूर रोडला एक टू बीएचके बघतोय. इमारत १४ वर्षांची, फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. एजंटाने व्हिडिओ पाठवलाय. नुकताच रंग दिलाय, घर अगदी लख्ख दिसतं. कागदपत्रं वकील बघताहेत, पण घराच्या आतल्या अवस्थेचं काय? मला दिवाळीआधी येता येणार नाही आणि मालकाला १५ दिवसांत टोकन हवंय. भाचा तिथेच इंजिनिअरिंगला आहे, तो जाऊन बघेल. त्याला काय सांगू?

– टोरांटोहून

---

अरे, लख्ख दिसतंय म्हणूनच थांब.

मी ६ वर्षांपूर्वी तिकडचं चंबूगबाळं आवरून इंदिरानगरला आलो. आम्हीही घर व्हिडिओवरच पसंत केलं होतं. हॉलला झकास पीओपी, कोपऱ्याकोपऱ्यात पिवळे दिवे. पहिल्याच आषाढात त्या दिव्यांतून पाणी ठिबकायला लागलं. पीओपी फोडलं तर वर स्लॅबची सळई गंजून फुगलेली, काँक्रीटचे पोपडे सुटलेले आणि गळतीखाली एक स्टीलचं पातेलं ठेवलेलं! म्हणजे आधीच्या मालकाला सगळं ठाऊक होतं. पातेलं अजून आमच्याकडे आहे, बायको त्यात दूध तापवते.

आत्ता पावसाळा आहे हे तुझं नशीब. दोन दिवस सलग झड लागली की भाच्याला पाठव. भिंती बघू नकोस म्हणावं, त्यांना रंग दिलाय. कपाटामागे आणि माळ्यावर कुणी रंग देत नाही, तिथे टॉर्च घेऊन डोकं घाल. पीओपी असेल तर एखादा दिवा काढून भोकातून वर बघ. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर खाली हातभर उंचीपर्यंत तळवा फिरव. गार, ओलसर लागली किंवा पांढरी पूड हाताला आली, तर लोणा लागलाय. आतला पाइप किंवा वॉटरप्रूफिंग गेलेलं असणार. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओत आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे ते बघ. फरशी नाण्याने वाजव, पोकळ वाजली तर खालचा माल सुटलाय.

भेगांना उगाच घाबरू नये. प्लॅस्टरवरच्या केसासारख्या रेघा सगळीकडे असतात. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली रुंद भेग, किंवा बीम-कॉलमवर सळईच्या रेषेत चिरलेलं आणि तांबूस डाग, असं काही दिसलं तर भाच्याचं इंजिनिअरिंग पुरणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन ने. शिवाय रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा, आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. त्यात बांधकामातल्या दोषांची बिल्डरवरची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षंच असते.

वायरिंग: गिझर आणि एसी एकदम लावून बघायचे, आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबायचं. दाबूनही लाइट गेली नाही तर ते नुसतं शोभेला बसवलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खालच्या मजल्यावरची बेल वाजवायची. 'वरच्यांचं पाणी येतं का हो तुमच्याकडे?' एवढंच विचारायचं. बाकीचं ते आपण होऊन सांगतील.

– इंदिरानगरहून

---

काकांनी स्वयंपाकघर सोडलंच! सिंकखालचं कपाट रिकामं करून बघा, प्लायला वाळवी तिथूनच लागते. दारांच्या चौकटी खालून स्क्रू-ड्रायव्हरने टोचा, भुसभुशीत लागल्या तर बदलायचा खर्च धरा. आणि महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, बोअरचं किती वापरतात, तेही विचारा. गंगापूर धरण जवळ आहे म्हणून गाफील राहू नका, धरण उशाला आणि कोरड घशाला असं व्हायचं. बोअर असेल तर नळांच्या तोंडाशी पांढरे क्षार दिसतीलच.

– लेस्टरहून

---

काका, मावशी, खूप आभार. मालकाने रविवारी या म्हटलं होतं, पण भाचा काल कॉलेजातून परस्पर तिथे गेला. वरचं घर बंद होतं, म्हणून आधी खालचीच बेल वाजवली. त्या काकूंनी चहा दिला, आणि गेल्या पावसाळ्यापासून जमवलेले ८ फोटोही. त्यांच्या बाथरूमचं छत आहे, म्हणजे आमच्या होऊ घातलेल्या बाथरूमची जमीन. टोकन थांबवलंय.

फोटो सोबत जोडलेत. काका, तिसऱ्यात दिसतेय ती सळईच ना?