अनुभव धागा: घरच्या घरी स्पार्क प्लग आणि प्लग वायर बदलणे

पाऊस लागला की कसारा घाटात झटके खाणाऱ्या गाड्या दिसू लागतात. बऱ्याचदा दुखणं प्लगमध्ये नाही तर वायरमध्ये असतं, आणि ते घरी निस्तरता येतं. ज्या नाशिककरांनी हे काम स्वतः केलंय, त्यांनी जरूर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, तीन सिलिंडर. एका वेळी एकच वायर काढतो आणि नवी तिच्या जागी बसली की मगच पुढचीला हात लावतो. सगळ्या एकदम उपसल्या की सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा १-३-२ हा क्रम जुळवत बसावं लागतं. ओढताना रबरी टोपी धरा. वायर ओढली तर ती आतून तुटते आणि वरून काहीच कळत नाही.

नाशिकरोडकर: इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतो तो इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं; गरम असताना प्लग काढला तर आटे जाऊ शकतात. आधी प्लगभोवतीच्या खड्ड्यातली धूळ सायकलच्या पंपाने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग मी कधीच पान्याने सुरू करत नाही. पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवायचा आणि बोटांनी फिरवायचा. आटे तिरके लागले तर पाइप प्लगवरच घसरतो, हेडला धक्का लागत नाही. हाताने पूर्ण बसला की वॉशरवाल्या नव्या प्लगला पान्याने अर्धा फेरा, फार तर किंचित जास्त.

पंचवटीकर: वडिलांची चार सिलिंडरची गाडी पावसाळ्यात सकाळी तीनवरच चालायची. प्लग काढून पाहिले तर टोकं छान बदामी, म्हणजे प्लग ठीक. मग रात्री पार्किंगच्या जागेतला दिवा घालवून, इंजिन चालू ठेवून वायरींवर लांबूनच पाण्याचा बारीक फवारा मारला. दुसऱ्या वायरवरून हेडकडे निळी ठिणगी चटचट उडताना दिसली. तिथे हजारो व्होल्ट असतात, हात लांबच ठेवा! वायरींचा सेट बदलला आणि गाडी एकसारखी चालायला लागली.

इंदिरानगर: दादा, माझ्या गाडीत वायरी दिसतच नाहीत. आणि एका प्लगला तेल लागलंय.

धागाकर्ता: ताई, तुमच्याकडे प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारा भाग) असणार. बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग कॉइलची क्लिप जपून दाबा, जुनं प्लास्टिक पटकन तुटतं. तेल नक्की कुठे आहे? वर खड्ड्यात असेल तर बहुधा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलंय. खालचं टोकच ओलं असेल तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलं असेल, मग मिस्त्रीला दाखवा.