पृथ्वी ४ असलेला गडी प्रत्येक चाचणी पृथ्वीवरच नेतोय, तोड सुचवा

हौदा_अनगोळ

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, अनगोळात राहतो. गेलं वर्षभर दर रविवारी दुपारी आमच्या माडीवर पाच जण जमतात आणि मी रचलेला कुस्तीचा रोल-प्लेइंग गेम आम्ही खेळतो. सीमाभागातल्या एका काल्पनिक गावची तालीम, प्रत्येकाचा एक पैलवान. जत्रेची मैदानं, जोड ठरवणं, खुराकाला पैसे कुठून आणायचे, वस्तादांची मर्जी, सगळं त्यात येतं. फासे घराघरांतल्या लुडोच्या डब्यांतून जमवलेत. दोघे मित्र कन्नड शाळेत शिकलेले, म्हणून पैलवानाचा कागद दोन्ही लिप्यांत काढलाय: पृथ्वीसमोर मण्णु, तेजासमोर बेंकी, वायूसमोर गाळी.

नियम सांगतो, मग अडचण. पृथ्वी, जल, तेज, वायू ही चार तत्त्वं, प्रत्येक १ ते ४. पृथ्वी म्हणजे ताकद, तग, हट्ट. जल म्हणजे निसटणं, वळणं, समोरच्याच्या कलानं घेणं. तेज म्हणजे झडप. वायू म्हणजे पाय, नजर आणि बोलण्यातली हुशारी. आकाश वेगळं ठेवलंय, प्रत्येकाला तीन गुण, अडल्यावेळी खर्च करायला. त्याशिवाय कसबं ० ते ३: कुस्ती, बोलणी, पारख, मालिश वगैरे. चाचणी, म्हणजे काम जमतं का ते फाशांनी ठरवायची वेळ, आली की तत्त्व आणि कसब मिळून जितका आकडा तितके फासे टाकायचे, त्यातले तत्त्वाच्या आकड्याइतके सगळ्यात मोठे ठेवायचे आणि बेरीज करायची. साध्या कामाला ८ गाठायचे, अवघड कामाला १२.

आता माझ्या मावसभावाचा पैलवान तुकाप्पा. पृथ्वी ४, बाकी तिन्ही १, कुस्ती १. गडी काहीही पृथ्वीनंच करतो. जत्रा कमिटीशी इनामाची बोलणी करायची होती, तर म्हणाला, "तुकाप्पा पंचांच्या दारात मांडी घालून बसतो, हलत नाही." पृथ्वी. समोरचा पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला आला, "पाय रोवतो." पृथ्वी. डावातून सुटायचं, "अंग जड करतो." पुन्हा पृथ्वी. तो लबाडी करत नाही, वर्णन मनापासून करतो आणि मलाही ते पटतं. त्यामुळं नाही म्हणता येत नाही.

दुसरीकडं वडगावचा मित्र. आठवडाभर विणकामाच्या मागावर असतो, रविवार आमच्यासाठी राखून ठेवतो. त्यानं सगळी तत्त्वं २ ठेवली आणि मिळालेला प्रत्येक अनुभवगुण कुस्तीत घातला. कुस्ती ३. तालमीतल्या सरावात तुकाप्पानं त्याला सलग चार वेळा चीत केलं. चौथ्यानंतर त्यानं फासे डब्यात ठेवले आणि म्हणाला, "मग आमच्या गड्यानं वर्षभर शिकून काय मिळवलं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. ज्या खेळात मेहनतीला किंमत नाही त्याला मी कुस्तीचा खेळ कसा म्हणू?

आकाशाचंही असंच. तीन गुण कुणी खर्चच करत नाही, सगळे साठवून ठेवतात.

डावांचा तक्ताही केलाय, धोबीपछाड तेज, घिस्सा जल, असा. त्याचीही खात्री वाटेनाशी झालीय. कुणी अशा पद्धतीचे खेळ चालवले असतील तर सांगा.

---

फासे_आणि_फळा

भावा, तुझ्या मित्राची तक्रार शंभर टक्के खरी आहे, आणि ती गणितातच दिसते. दोघांचेही फासे मोज. तुकाप्पा ४ + १, पाच फासे. वडगावचा गडी २ + ३, तेही पाचच. पण तुकाप्पा चार ठेवतो, त्याची सरासरी १५.९. तुझा मित्र दोन ठेवतो, त्याची ९.९. सारखेच फासे टाकून सहाचा फरक! कसबानं फक्त निवडायला जास्त फासे मिळतात, तत्त्वानं निवडायलाही मिळतात आणि ठेवायलाही. तुझा खेळ शिकणाऱ्यापेक्षा जन्मजात ताकदीला मोठं मानतो, कारण तू तसं लिहून ठेवलंयस.

ही 'टाका आणि ठेवा' पद्धत जुनी आहे. १९९७ साली आलेल्या लेजेंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज या सामुराईंच्या खेळात ती दहा बाजूंच्या फाशांनी होती, ठेवायचे फासे गुणावरून ठरायचे. तिथं प्रत्येक तत्त्वाखाली दोन गुण असायचे, पृथ्वीखाली तग आणि इच्छाशक्ती, आणि तत्त्वाचा आकडा त्या दोनांतला लहान तोच धरायचे. म्हणजे नुसतं अंग कमावून पृथ्वी वाढत नसे, मनही कमवावं लागे. फक्त शून्य म्हणजे पाचवं तत्त्व वेगळं मोजायचे. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत तुझ्यासारखंच झालं, खेळाडू कुठल्या पद्धतीनं काम करतो त्यावरून तत्त्व ठरतं. पण तिथं एकाच कामाची अवघडी तत्त्वागणिक वेगळी ठेवता येते. तुझ्याकडं ही गोष्ट राहिलीय.

ठेवायचा आकडा कसबावर टाकू नकोस, मी मांडून बघितलं. मग तुकाप्पा एकच फासा ठेवेल, सरासरी ५.४, आणि मित्र तीन ठेवून १३.४. पारडं उलटं कलंडतं. त्यापेक्षा सगळ्यांना नेहमी दोनच ठेवू दे. तत्त्व आणि कसब मिळून फासे टाका, मोठे दोन ठेवा. आता पृथ्वीवर तुकाप्पा आणि मित्र बरोबरीत. पण वायूची चाचणी आली की तुकाप्पाकडं १ + १ दोनच फासे, मित्राकडं मात्र पाच. १० गाठायचे असतील तर पाच फाशांनी साधारण ६५ टक्के, दोन फाशांनी सहातून एकदा. कसब प्रत्येक तत्त्वात सोबत येतं, तत्त्व आपल्या जागी राहतं. शिकण्याचा अर्थ हाच ना?

बेरीज आता १२ च्या वर जाणार नाही, म्हणून अवघडी ८, १० आणि ११ अशी कर.

---

खानापूरची_पोर

मी शाळेत असताना पाच वर्षं कुस्ती खेळलो, आधी मातीत, मग मॅटवर. फाशांचं मला कळत नाही, पण तुमचा डावांचा तक्ता वाचून लिहावंसं वाटलं.

दादा, धोबीपछाड तेज कसा काय? नीट बघा की. आधी समोरच्याचा हात धरायचा, मनगट आणि दंड. तो हात सैल कधी सोडतो ते खडाखडीतच, सुरुवातीच्या हाताहातीत, बघून ठेवायला लागतंय. मग गर्रकन वळून पाठ त्याच्या छातीला लावायची. इथंच नवखी पोरं फसतात, कारण वळताना गुडघे वाकवत नाहीत. आपली कंबर त्याच्या कमरेखाली गेली पाहिजे. गेली नाही तर त्याचं सगळं वजन आपल्या पाठीवर बसतं आणि आपणच तोंडावर जातो. माझं पहिल्या वर्षी सतरा वेळा असं झालं असेल, नाकात माती. कंबर खाली गेली की हात खांद्यावरून ओढायचा, आणि मग तो धुण्यासारखा समोर येऊन आपटतो. नजर वायू, वळणं जल, कमरेत बसणं पृथ्वी, ओढ तेज. एका डावात चारी आहेत. तुम्ही त्याला एका खणात कोंबलंय.

मग तत्त्व ठरवायचं कशावरून? समोरच्यावरून. वस्ताद आम्हाला डाव शिकवायचे तेव्हा त्याच दिवशी त्याची तोडही शिकवायचे. तोड माहीत नसलेला डाव अर्धा. तुमचा तुकाप्पा पाय रोवून बसला, चांगलंय. रोवलेल्या माणसाला ढकलणारा मूर्ख. त्याला हलवायला लागतंय, उजवीकडं ओढल्यासारखं करून डावीकडं जायचं, म्हणजे पाय आपसूक उचलला जातो. त्याच्यावर जोरानं जाणाऱ्याला ११ द्या, हुलकावणी देणाऱ्याला ८. आणि खाली पडून जमिनीला चिकटला तर घिस्सा कशाला आहे? उलटं, समोरचा सारखा नाचूलालाय, हाताला लागत नाही, तर तुकाप्पानं पाय रोवून काय होणार? तिथं रोवण्याला ११.

म्हणजे मावसभावाला नाही म्हणायची गरजच नाही. रोव म्हणावं. समोर कोण आहे ते मात्र आधी सांगा, कुस्तीत समोरचा दिसत असतोय.

अजून एक. बोलणीतही हेच चालेल. पंच हट्टी असला तर दारात बसून तो वितळणार नाही, दोघंही दगड.

---

हौदा_अनगोळ

ताई, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. तक्ता आजच काढून टाकतो. 'तोड माहीत नसलेला डाव अर्धा' हे कागदाच्या वरच्या बाजूला लिहिणार आहे, दोन्ही लिप्यांत. आणि फासेवाल्या दादा, दोनच ठेवायचं पटलं. वडगावच्या मित्राला आकडे पाठवले, रात्री साडेअकराला त्याचा फोन आला.

आकाशाचं राहिलं मात्र.

---

जुना_वाचक_निपाणी

आकाशाबद्दल एक सुचतंय. आपल्याकडं प्रत्येक महाभूताला गुण सांगितलाय. आकाशाचा शब्द, वायूचा स्पर्श, तेजाचं रूप, जलाचा रस, पृथ्वीचा गंध. आधीच्याचे गुण पुढच्यात येत जातात, म्हणून पृथ्वीत पाचही आहेत आणि आकाशात एकटा शब्द.

आता मैदान आठवा. हौद्यात, म्हणजे मातीच्या आखाड्यात दोघं, आणि भोवती काय असतं? हलगी. लोकांचा आवाज. गडी दमला असताना हलगीवाला ठेका चढवतो तेव्हा त्याच्या अंगात काय येतं ते मी लहानपणापासून पाहतोय. तो आवाज गड्याच्या खिशात नसतो, त्याला बाहेरून मिळतो. तुम्ही आकाश प्रत्येकाच्या खिशात दिलंत म्हणून ते साठवलं जातं. ते दुसऱ्याला देण्यासाठी ठेवा. स्वतःच्या चाचणीला वापरता येणार नाही, पण जोडीदार अडला की त्याच्या नावानं आवाज द्यायचा आणि आपला एक गुण खर्च करून त्याला एक जादा फासा द्यायचा. ठेवायचे तरी दोनच.

---

फासे_आणि_फळा

हे सुंदर बसतंय. दोनाचे तीन फासे झाले की १० गाठायची शक्यता १७ टक्क्यांवरून ३६ वर जाते. चार असतील तर ५२ वरून ६५. म्हणजे जो जास्त अडचणीत त्याला आवाजाचा जास्त उपयोग.

---

हौदा_अनगोळ

कालचा रविवार सांगतो.

तुकाप्पाची जोड मी एका उतारवयाच्या, सडपातळ पैलवानाशी लावली. लागोपाठ फिरणारा, हाताला न लागणारा. ताईंनी सांगितल्याप्रमाणं ते आधीच सांगितलं. मावसभाऊ म्हणाला, "पाय रोवतो." म्हटलं रोव, ११. पाच फासे टाकले, मोठे दोन पाच आणि चार. म्हातारा मागं गेला. पुन्हा रोवला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं हातातले फासे बघितले आणि विचारलं, "वायूनं गेलो तर?" १०, पण फासे दोनच. गप्प बसला.

तेवढ्यात वडगावचा मित्र ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "बिडबेड तुकाप्पा, हिडी!" (सोडू नको, धर!) आणि आपला एक आकाशगुण खोडला. त्याचं बघून दुसराही ओरडला, त्यानंही खोडला. खालून आई विचारायला आली काय झालं म्हणून. चार फासे झाले. दोन, तीन, सहा, चार. दहा बरोबर. पट लागला.

ज्याला चार वेळा चीत केलं त्यानंच आवाज दिला, हे मावसभावाला लागलं असावं. खेळ संपल्यावर दोघं जिन्यात बराच वेळ बोलत उभे होते, मला ऐकू आलं नाही. मग वर येऊन त्यानं आपला कागद मागितला. अनुभवाचे गुण पृथ्वीत घालायला जागा नव्हतीच, तेज घेईल असं वाटलं होतं. त्यानं गाळीसमोरचा १ खोडला आणि पेननं २ लिहिला.

पुढच्या रविवारी सरावाची पाचवी कुस्ती आहे, वडगावकरानंच मागितलीय. हलगीचा ठेका टेबलावर कुणी धरायचा ते अजून ठरायचंय.