रशियाचं मैदान ओसाड दिसतंय, म्हणून रशियाचे रणगाडे संपले?

गंजका_बोल्ट (धागाकर्ता)
परवा इथेच एकाने 'रशियाचा साठा संपला, आता दिवस मोजा' असा धागा काढला. पुरावा काय, तर रशियाच्या अतिपूर्वेकडच्या आर्सेन्येव इथल्या, जुने रणगाडे साठवण्याच्या तळाची उपग्रहातून टिपलेली दोन छायाचित्रं. एकात रणगाड्यांच्या रांगा, दुसऱ्यात गवत. खाली टाळ्यांचा पाऊस. तिथे प्रतिसाद लिहायला घेतला आणि तो इतका लांबला की म्हटलं वेगळी चूल मांडावी.

आकाशातून लोखंड मोजता येतं, रणगाडा मोजता येत नाही. लंडनच्या आयआयएसएस या संशोधन संस्थेच्या 'मिलिटरी बॅलन्स' या वार्षिकात युद्धापूर्वी रशियाच्या साठ्यात १०,२०० रणगाडे दाखवले होते. २०२३च्या अंकात ते एकदम ५,०००वर आले. मधले पाच हजार काय एका वर्षात युक्रेनमध्ये जळाले? छे. अंदाजच बदलला. रणांगण न बघता वहीतल्या वहीत मेले बिचारे. मग आता तुम्ही ज्या गवताकडे बघून नाचताय, तिथला माल लढायला गेला, भंगारात गेला, की शेजारच्या रणगाड्याला सुटे भाग देऊन संपला, हे चित्रात कुठे दिसतं?

हिशेबनीस
दिसतं, बघता यायला हवं. ज्या चित्रात एक ठिपका जमिनीवरच्या ३० सेंटीमीटरचा असतो, त्यात टी-७२ रणगाड्याचं सात मीटर लांब धड लांबीला तेवीस-चोवीस ठिपके भरतं. बुरूज काढलेला असला तर मधोमध गोल काळं भोक दिसतं. इंजिनावरचं झाकण उघडं असलं तर तेही कळतं. अशी चित्रं बघून मोजणारे म्हणूनच एक आकडा देत नाहीत. बरे, वाईट, अगदीच गेलेले असे गठ्ठे करतात. आणि बघायचं असतं ते कुठला गठ्ठा आधी उचलला गेला. भंगारवाला चांगल्या रांगा उचलून भोकं पडलेल्या मागे ठेवत नाही.

तुम्ही ज्या आर्सेन्येवचं नाव घेतलंत, तिथूनच मार्च २०२३मध्ये टी-५४/५५ रेल्वेवर चढले. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच आखलेलं यंत्र! घरात धड ताट असतं तर पाहुण्याला पोचे पडलेलं कुणी वाढलं असतं का?

सुभेदार_नि
वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं काढली, म्हणून बोलतो. युनिटचं नाव विचारू नका.

आमच्याकडे शेडमागे गाड्यांची एक लाइन होती. रंग ताजा, चाकांना चुना, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. वरून बघणारा खूश होईल. एकदा पावसाळ्यानंतर हुकूम आला, अमुक गाडी चालू करा. झाकण उघडलं तर आत घोट्यापर्यंत पाणी आणि त्यात दोन बेडूक. रबरी सील बोटाने दाबला तर भुगा. बॅटरीच्या खणातली तांब्याची वायर कापलेली, तीही पक्कडीने सफाईदार, म्हणजे आपल्यातल्याच कुणीतरी. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीत बसून तीन वर्षं झाली होती, कागदावर मात्र इथेच. साहेबांनी विचारलं, किती दिवस लागतील? मी म्हटलं, साहेब, ही गाडी नाही, गाडीचा फोटो आहे.

सायबेरियात तीस-चाळीस वर्षं उघड्यावर उभ्या असलेल्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा.

गंजका_बोल्ट
सुभेदार, लाख बोललात. हेच म्हणतोय मी.

हिशेबनीस
अहो धागाकर्ते, ते माझी बाजू मांडतायत! उरलेलं जर असलं असेल, तर साठा चित्रात दिसतो त्याहूनही कमी आहे. तुम्ही तर सांगत होतात की रशिया रिकामा नाही. आधी एक बाजू धरा.

स्वदेशी_बाणा
या उपग्रहवाल्यांचं कौतुक पुरे झालं. १९९८ला पोखरणला आपल्या लष्कराच्या ५८ इंजिनिअर रेजिमेंटने अमेरिकेच्या डोळ्यांदेखत सगळी तयारी केली, पत्ता लागला का? रात्री काम, पहाटे प्रत्येक यंत्र होतं त्या जागी परत. आपल्याला जमलं ते रशियाला जमणार नाही?

हिशेबनीस
१९९५ला त्याच उपग्रहांनी तीच तयारी पकडली होती, ते सोयीस्कर विसरलात. चकवायचं कसं हे त्यातूनच शिकलो. शिवाय तिथे मोजके खड्डे झाकायचे होते. हजारो रणगाडे रात्री हलवून पहाटे जागेवर आणून ठेवणार आहात का?

स्वदेशी_बाणा
म्हणजे आपल्या जवानांचं यश 'मोजके खड्डे'? ही भाषा?

हिशेबनीस
खड्डे हा शब्द खड्ड्यांसाठी वापरला. जवानांना काही बोललो नाही. शब्द तोंडात कोंबू नका.

तिरकस
घरबसल्या सेनापतींनो, जरा दमानं. लपवण्यापेक्षा दाखवण्याची गंमत मोठी. १९५५ला मॉस्कोजवळ तुशिनोच्या हवाई प्रदर्शनात सोव्हिएतांनी तीच ती बॉम्बर विमानं घिरट्या घालून पुन्हा पुन्हा प्रेक्षकांवरून नेली आणि अमेरिकेने घाबरून आपलं उत्पादन वाढवलं. उलटीकडे, अण्वस्त्रकपातीच्या स्टार्ट करारानंतर अमेरिकेने ॲरिझोनाच्या वाळवंटात ३६५ बी-५२ विमानं अवजड पात्याने तोडली आणि तुकडे ९० दिवस तसेच उघड्यावर ठेवले. का? तर रशियन उपग्रहाला नीट मोजता यावेत म्हणून! वरून बघणारा आहे हे माहीत असलं की खालचा नाटक बसवतोच.

स्वदेशी_बाणा
विषय पोखरणचा चालू आहे.

तिरकस
विषय रशियाच्या रणगाड्यांचा चालू होता, महाराज. तुम्ही यायच्या आधी.

स्वदेशी_बाणा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

लेखापरीक्षक_बाई
माझं पोट या असल्या मोजणीवरच चालतं, म्हणून राहवेना. गोदामाची साठामोजणी करताना आम्ही पुढचे खोके मोजून मागच्यांचा अंदाज कधी बांधत नाही. एकदा बांधला होता. मागची अख्खी रांग रिकामी निघाली, खोके नुसते चिकटपट्टीने बंद. त्या मालकाने वर मलाच सुनावलं, 'मॅडम, तुम्ही खोके मोजायला आला होतात, आम्ही खोके दाखवले.' तो अपमान अजून जात नाही.

पण म्हणून मोजणी सोडून द्यायची? एकदा मोजून खोटं बोलता येतं. तीच जागा दर तीन महिन्यांनी मोजली की फार कठीण जातं. रशियाच्या तळांचं तेच झालंय. लपवायचा विचार करून ते मांडलेलेच नव्हते. १९९०च्या, युरोपपुरत्या पारंपरिक शस्त्रांच्या करारात मोजले जाऊ नयेत म्हणून सोव्हिएतांनी सही होण्याआधी हजारो रणगाडे-तोफा उरल पर्वताच्या पलीकडे, म्हणजे युरोपबाहेर ढकलल्या आणि माळावर सोडल्या. ज्या मोजणीतून सुटायला तिकडे नेल्या, तीच मोजणी आता तिथे पोचली.

गंजका_बोल्ट
बाई, 'दर तीन महिन्यांनी' म्हणताय, पण चित्र देणार कोण? मार्च २०२५मध्ये अमेरिकेने युक्रेनला मॅक्सार या अमेरिकी उपग्रह कंपनीच्या चित्रांचा पुरवठा काही दिवस बंद केला होता, युद्ध चालू असताना. फुकट मिळणाऱ्या, युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाच्या चित्रांचा एक ठिपका १० मीटरचा, त्यात अख्खा रणगाडा बुडतो. खिडकी दुसऱ्याच्या घरातली आहे, त्याने पडदा ओढला की आपण आंधळे. आणि निझ्नी तागीलच्या रणगाड्यांच्या कारखान्याच्या छपराखाली काय उभं आहे, सांगा की.

हिशेबनीस
छपराखालचं नाही सांगता येत. मान्य. टी-६४ आणि टी-७२ वरून वेगळे ओळखताना भलेभले चुकतात, तेही मान्य. टी-६४ युक्रेनमधल्या खार्कीव्हचं अपत्य, त्याचे सुटे भाग रशियाला कोण देणार? ते आकड्यात शिरले की साठा फुगतो. झालं समाधान?

पण तोफांचं काय बोलणार? ओढून न्यायच्या जुन्या तोफांच्या नळ्या काढून रणगाड्यासारख्या स्वतः चालत जाणाऱ्या तोफांवर चढवतात आणि बिननळीचे गाडे तिथेच टाकून देतात. ते ढीग चित्रात दिसतात. सुभेदारांच्या गिअरबॉक्सचाच प्रकार, फक्त उपग्रहातून. गाड्याचा फोटो कुठला आणि गाडा कुठला, तेही वरून कळतं म्हणायचं.

सुभेदार_नि
नळी झिजते, ती कुठून तरी आणावीच लागते. हा मुद्दा पटला.

गंजका_बोल्ट
ठीक आहे, ठीक आहे. चांगला माल आधी गेला आणि गाळ उरला, इतपत तुमचा उपग्रह सांगू शकतो. घ्या, लिहून दिलं, फ्रेम करून लावा. 'संपला' हा शब्द मात्र मी स्वीकारत नाही. नवे टी-९० बनतायत, ते मैदानावरून येत नाहीत.

हिशेबनीस
'संपला' मी कधी म्हटलं? ते परवाच्या धाग्यावर जाऊन भांडा. तोवर एक काम करा. गूगल अर्थवर रशियातल्या बुई गावचा रणगाड्यांचा तळ उघडा, एकच रांग स्वतः मोजा, मग बोलू.

गंजका_बोल्ट
मोजली. दोनदा मोजली, दोनदा वेगळा आकडा आला. टोकाचे चार डाग रणगाडे आहेत की ट्रक, यावर अडलोय.

लेखापरीक्षक_बाई
सावल्या बघा. नळीची बारीक रेघ पुढे आलेली दिसेल.

गंजका_बोल्ट
तिघांना आहे. चौथ्याला नाही.

सुभेदार_नि
मग तो आमच्या शेडमागचा.