‘काल्पनिक वस्तू’, ‘नसलेली वस्तू’ की ‘असत् विषय’?

प्रश्न : तर्कशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. सोन्याचा डोंगर, गोल चौरस… अस्तित्वात नसूनही ज्यांच्याविषयी बोलता येतं, त्यांना ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ माइनाँगच्या १९०४च्या मांडणीत जागा आहे. मराठीत काय म्हणावं? ‘काल्पनिक वस्तू’ लिहिलं, पण मन मानत नाही. ‘नसलेली वस्तू’ चालेल?

उत्तर : ‘काल्पनिक’ नकोच. सोन्याचा डोंगर डोळ्यांसमोर आणता येतो. गोल चौरस आणून बघा, येत नाही. तरी ‘गोल चौरस गोल आहे’ हे वाक्य माइनाँग खरं मानतो. वस्तू कशी आहे हे ती आहे की नाही यावर अवलंबून नाही, हाच त्याचा मुद्दा.

‘नसलेली’ची अडचण वेगळी. मराठीत नसणं बहुधा कुठेतरी नसणं असतं. ‘यादीत नसलेलं नाव’ म्हटलं की नाव आहे, यादीत तेवढं नाही. आणि ‘नसती’ म्हणावं तर ‘नसती उठाठेव’! मी ‘असत् विषय’ लिहीन. ज्याच्याबद्दल विचार चालतो तो विषय. तो अस्तित्वात असलाच पाहिजे अशी अट त्या शब्दात नाही.

आणखी एक : ‘कुठेतरी नसणं’ हाच धागा नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, घट्ट धरला. अभावाला प्रतियोगी लागतो, म्हणजे ज्याचा अभाव आहे ते. आणि ते कुठेतरी प्रसिद्ध, म्हणजे खरोखर असलेलं म्हणून माहीत, असावं लागतं. मग ‘शशशृंग (सशाचं शिंग) नाही’ कसं म्हणायचं? नैयायिक ते वाक्यच फोडतात : सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव आहे. ससा खरा, गाईचं शिंग खरं. ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलनेही १९०५मध्ये वाक्य फोडूनच वाट काढली, रीत निराळी : सोन्याचंही आहे आणि डोंगरही आहे असं काहीच नाही. तेव्हा ‘असत् विषय’ माइनाँगपुरता ठीक, या दोघांच्या तोंडी घालू नका.

प्रश्न : मग वंध्यापुत्र (वांझेचा मुलगा) आणि शशशृंग समानार्थी धरू?

उत्तर : अनुवादात तरी नको. सशाला शिंग नसतं, पण असतं तर त्यात व्याघात, म्हणजे अंतर्विरोध, नव्हता. वंध्यापुत्रात तो शब्दातच आहे. गोल चौरसाचा जोडीदार तो.

जाता जाता, योगसूत्रात (१.९) ‘शब्दज्ञानानुपाती वस्तुशून्यो विकल्पः’ अशी विकल्पाची व्याख्या आहे : शब्दाच्या ज्ञानापाठोपाठ येणारी, पण जिच्यामागे वस्तूच नाही अशी चित्तवृत्ती, म्हणजे मनाचा व्यापार. आज ‘विकल्प’ पर्याय या अर्थाने रुळला, त्यामुळे तो घेता येणार नाही. ‘वस्तुशून्य’ मात्र फार नेमका शब्द आहे. सूत्रात ते चित्तवृत्तीचं विशेषण आहे. तुम्ही पदाला लावा, ‘वस्तुशून्य पद’ असं. ‘वस्तुशून्य वस्तू’ तेवढं लिहू नका.