मंडळाकडे सव्वा लाख शिल्लक आहेत, पुरासाठी बोट घ्यावी का?

नदीकाठचा_पोरगा
नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव, साडेचारशे उंबरा. त्यातली निम्मी घरं २०१९ ला आणि परत २०२१ ला पाण्यात होती. यंदा मंडळानं डॉल्बीला फाटा दिला, त्यामुळे सव्वा लाख हातात आहेत. पोरं पस्तीस, धड पोहणारी बारा-तेरा. बहुतेकांचं म्हणणं एकच, बोट घेऊ. जाणकारांनी सांगावं: बोट घ्यावी का, नसेल तर काय घ्यावं, आणि शिकायचं कुठं?

फूटपट्टी
बोट घेऊ नका. सव्वा लाखात चांगली बोट आणि चांगलं इंजिन दोन्ही बसत नाहीत. बसवलंत तरी इंजिन अकरा महिने पडून राहणार, कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकट होऊन बसणार आणि नेमक्या दिवशी दोरी ओढून खांदा निखळला तरी ते चालू होणार नाही. चालू झालंच तर बुडालेल्या उसाचा पाला पंख्यात गुंडाळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला पुरात बोट उलटून माणसं गेली, ते तुमच्या भागात सांगायला नको. बोट होती, पण तीत माणसं किती बसवायची याला धरबंध नव्हता.

तुमच्याकडचा पूर कोकणातल्यासारखा रात्रीत अंगावर येत नाही. तो चढत येतो आणि मग हलत नाही. पंचगंगेला उतार कमी, त्यात नृसिंहवाडीला, जिथं ती कृष्णेला मिळते, कृष्णा आधीच तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागे येतो. म्हणजे चढताना तुमच्या हातात वेळ असतो. तो वेळ "गेल्या वेळी इथवरच आलं होतं" म्हणत ओट्यावर बसून जातो आणि मग बोट लागते.

पाणीपातळीचे आकडे असे. कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फूट, धोका ४३. सांगलीला कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ इशारा ४०, धोका ४५. २०१९ ला सांगलीत पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, कोल्हापुरात ५५ च्या वर, आणि २०२१ ला कोल्हापुरात ५६ ओलांडले. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण गावाला लागतो तो वेगळाच आकडा: कुठल्या पातळीला आपल्या गावचा कुठला रस्ता बंद होतो. घरात पाणी शिरायच्या बऱ्याच आधी ओढ्यावरचा पूल बुडतो, आणि पूल बुडाला की गाव बेट झालं. जुन्या जाणत्यांना घेऊन एक रविवार फिरा. २०१९, २०२१ ची खूण प्रत्येक गल्लीत भिंतीवर ऑइलपेंटनं मारा आणि शेजारी लिहा: "आयर्विन अमुक फूट = हा पूल बंद". तो "अमुक" तुम्हीच काढायचा, तालुक्याच्या नोंदीतली तारीख आणि गावातली तारीख जुळवून. रंगाचे दोन डबे पुरतात.

दुसरं, घरवार वही. मोबाईलमध्ये नको, कागदावर, तीन प्रती तीन उंच घरांत. अंथरुणाला खिळलेलं कोण, आठवा-नववा महिना कुणाला, डायलिसिसवर कोण, इन्सुलिन कोण घेतं, जनावरं किती, आणि वरच्या गावात पाहुणे कोण. प्रत्येक दहा घरांमागे दोन पोरांची नावं. आजारी माणसं आणि गरोदर बाया इशारा पातळीलाच बाहेर. बाकीच्यांना धोका पातळीची वाट बघायला लावू नका, पूल बुडायच्या आधीची पातळी हीच तुमची धोका पातळी.

दावं_खुंटा
फूटपट्टींना +१, पण एक मुद्दा राहिला. माणसं घर सोडत नाहीत ती जनावरांपायी. म्हैस गोठ्यात असेपर्यंत मालक हलणार नाही, कितीही हँडमाईकवर ओरडा. म्हणून आधी जनावरं हलवा, माणसं आपसूक मागून येतात.

हिशोब करून ठेवा. मोठ्या जनावराला दिवसाला नुसता वाळला चारा ५-६ किलो, पाणी ५० लिटरच्या आसपास. शंभर जनावरं आठ दिवस म्हणजे पावणेपाच टन कडबा. एवढा कडबा पुरात कुणी आणून देत नाही. उंचावरची जागा आणि कडब्याची गंज मे महिन्यातच ठरवा. सगळे उसाचं वाडं (हिरवे शेंडे) टाकून भागवतात. दोन दिवस ठीक, पण नुसत्या वाड्यातलं ऑक्झलेट जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. सोबत कडबा आणि खनिज मिश्रण द्या, चुन्याची निवळी देतात तीही चालते. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाच्या आधी. कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो प्रत्येकाचा काढा, भरपाईच्या वेळी हाच कागद चालतो. आणि कुणाला अगदीच हलवता आलं नाही तर दावं कापायचं, सोडत बसायचं नाही. ओली गाठ सुटत नाही.

काठावरचा
बोट नको हे मान्य, पण पोरं शेवटी पाण्यात उतरणारच, तेव्हा दोरी आणि जॅकेटवर पैसे खर्च करा.

जॅकेट फोमची घ्या, फुगवायची नको. वीस तरी, त्यातली पाच लहान मुलांच्या मापाची आणि जांघेतून पट्टा येणारी. तपासायची रीत सोपी: घालून पट्टे आवळा आणि दुसऱ्यानं खांद्यावरून वर ओढायचं. हनुवटी-कानापर्यंत वर सरकलं तर पाण्यात ते माणसाच्या डोक्यावरून निघून जाईल.

दोरी पॉलिप्रॉपिलिनची, १० ते १२ मिलिमीटर, ३० मीटरचे चार तुकडे. ही तरंगते. नायलॉन मजबूत असतं, पण बुडतं, बुडणाऱ्याला दिसत नाही आणि बोटीच्या पंख्यात जातं. भडक रंगाची घ्या. एका टोकाला बंद झाकणाचा पाच लिटरचा रिकामा कॅन बांधा, तळाशी तांब्याभर पाणी ठेवून, म्हणजे नेम धरून फेकता येतो. एक गोष्ट पोरांच्या डोक्यात बसवा: वाहत्या पाण्यात पोहणाऱ्याच्या कमरेला पक्की गाठ मारून सोडायचं नाही. काठावरच्यांनी ओढून धरलं की प्रवाह त्यालाच खाली दाबतो.

बोट तालुक्याकडून, एनडीआरएफकडून येईल. तुमचं काम चढवायच्या जागेवर. माणसं मोजून बसवा, कडेवरचं पोर म्हणजे एक माणूस. बोटीचा काठ आणि पाणी यांत वीतभर अंतर उरलं नाही तर बोट सुटणार नाही, सरपंच आत असले तरी. कुणी उभं राहायचं नाही. आणि विजेच्या तारा! पाणी पंधरा-वीस फूट चढलं की डोक्यावरची तार बोटीतल्याच्या हाताला लागते. फीडर बंद केल्याचं महावितरणच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या बाजूला बोट नेऊ नका.

शिकण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करा, फोन १०७७. आपदा मित्र प्रशिक्षण बारा दिवसांचं असतं. पस्तीसच्या पस्तीस पाठवू नका, पोहणारे पाठवा.

नदीकाठचा_पोरगा
डोळे उघडले राव. पिण्याच्या पाण्याचं काय? गेल्या वेळी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर होती, पण कुणी मूठभर टाकायचं, कुणी डबाभर. आणि बाहेरून येणाऱ्या मदतीच्या ट्रकांचं काय करायचं?

ओटी_पिवळा
मूठ हे माप नव्हे. १००० लिटरला ५ ग्रॅम. विहीर ३ मीटर रुंद, पाणी ४ मीटर खोल असेल तर ३.१४ × ३ × ३ ÷ ४ × ४, म्हणजे सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. पावडर १४० ग्रॅम. विहीर पुराखाली गेली असेल तर आधी उपसा, मग पहिला डोस दुप्पट. गढूळ पाण्यात पावडरीतलं क्लोरिन गाळातच संपून जातं, म्हणून आधी तुरटी, निवळल्यावर टीसीएल.

पावडर थेट विहिरीत फेकायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कणकेसारखी कालवा, मग बादली पाऊण भरा, दहा मिनिटं थांबा. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, ती दोरीनं पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवा. एक तासानं ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन उरलंय का ते दाखवणारी): नळीत पाणी, ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीनचा थेंब, लगेच पिवळं झालं तर प्यायला हरकत नाही. दहा मिनिटांनी हळूहळू पिवळं झालं तर ते धरायचं नाही.

घरच्या २०० लिटरच्या बॅरलला १ ग्रॅम लागतो, तो कुणाला मोजता येत नाही. म्हणून ५० ग्रॅम पावडर ५ लिटर पाण्यात कालवून निवळी काढा. तिचे १०० मिली म्हणजे १ ग्रॅम. औषधाची १०० मिलीची रिकामी बाटली माप म्हणून घेऊन गल्लीत फिरा. निवळी रोज ताजी करा. गेल्या वर्षीचं उघडं पोतं असेल तर ते पांढरी माती समजा, जोर उडालेला असतो.

शिधा_वाटप
ट्रकांसाठी एकच नियम: फोन करणाऱ्याला आधी यादी सांगा, मग रस्ता. जुने कपडे नकोत. ते ओले होतात, कुजतात आणि शाळेच्या दोन खोल्या अडवतात. पहिल्या तीन दिवसांत चूल पेटत नाही, तेव्हा तांदूळ-पीठ उपयोगाचं नाही. भडंग, चिवडा, फुटाणे, राजगिरा लाडू, पाण्याचे जार. चपात्या मागवू नका, दुसऱ्या दिवशी बुरशी. शिधा पाणी ओसरल्यावर, आणि तेव्हा सॅनिटरी पॅड, मच्छरदाणी, ताडपत्री, खराटे, फावडी, लांब दांड्याचे रबरी वायपर. वाटप वहीतल्या घरक्रमांकानं, ट्रकच्या मागून नाही. पुणे-बंगळूर हायवेच्या भरवशावर राहू नका, २०१९ ला शिरोलीजवळ तो कित्येक दिवस बंद होता. पहिल्या तीन दिवसांचं गावातच, उंचावर.

फूटपट्टी
साफसफाईचं राहिलं. पाणी घरातून उतरत असताना, गुडघ्याएवढं असतानाच, खराट्यानं गाळ ढवळून उतरत्या पाण्याबरोबर बाहेर ढकला. दोन दिवस थांबलात तर तोच गाळ फावड्यानं निघत नाही. पण फक्त पक्क्या घरात. पांढऱ्या मातीच्या भिंती नुसत्या पाण्यात असतानाच नाही, पाणी उतरल्यावर, वाळतानाही पडतात. फुगलेली भिंत दिसली तर आत कुणी जायचं नाही.

आत जाताना मेन स्विच खाली, काठी पुढे, हात कपाटामागे घालायचा नाही, तिथे साप असतात. भिंत धुवायच्या आधी पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो काढा, पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत ती रेषा राहत नाही. गमबूट घेणार असाल तर गुडघ्याइतके उंच, आणि पायाला जखम असलेल्या पोराला गाळात पाठवू नका. लेप्टोची (उंदरांच्या लघवीनं खराब झालेल्या पाण्यातून, जखमेवाटे होणाऱ्या तापाची) गोळी आरोग्य केंद्रातून, डॉक्टरांना विचारूनच.

नदीकाठचा_पोरगा
बोट रद्द. रविवारी रंगाचे डबे घेऊन निघतोय. पूल बुडाल्याच्या तारखा कुणाकडे लिहिलेल्या आहेत का, हे आता गावात विचारतो. दूध संस्थेच्या वहीत संकलन बंद पडल्याचा दिवस सापडेल असं वाटतं.

दावं_खुंटा
सापडेल. गाडी आली नाही तो दिवस दूध संस्था कधी लिहायचा सोडत नाही.